काढलेला नट जपून ठेवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची आपा, म्हणजे थोरली बहीण, मोखाड्याहून जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालयात रक्तदाब तपासायला आली होती. दर दोन महिन्यांनी ती येते आणि दुपारचं जेवण आमच्याकडे घेते. त्या दिवशी ती काळी-पिवळी जीपमधून उतरली. बुरख्याच्या कडेला चिखल लागलेला, दाटीवाटीनं बसून कंबर आखडलेली. पाच-दहा मिनिटांनी तिचा मुलगा, आमचा भाचा, नव्या मोटरसायकलवरून एकटाच आला.

"हे काय रे? अम्मी जीपमध्ये आणि तू गाडीवर?" आम्ही विचारलं.

तो खाली बघत राहिला. आपाच म्हणाली, "अरे, त्या गाडीवर मला बसता येत नाही. भीती वाटते. जाऊ दे, पोरगा हौशी आहे. तू काही बोलू नकोस त्याला."

आम्हाला जेवण गोड लागलं नाही. कारण ही गाडी घरात कशी आली, हे आम्हाला ठाऊक होतं. आपल्या या भागात रेल्वे नाही. एसटी चुकली की जीप, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. भाच्याला कॉलेजसाठी मोखाड्याहून जव्हारला रोजचं येणं-जाणं. गाडी हवीच होती. हप्त्यांवर लगेच मिळालीही असती, पण व्याज द्यायचं नाही हे घरात ठरलेलं. म्हणून दोन वर्षं थांबले. आपाची भिशी, शिलाईचे पैसे, थोडा आमच्याकडून कर्ज-ए-हसना, असं करून शंभर सीसीची साधी गाडी रोखीनं घेतली. पहिल्या दिवशी आपा मागे बसून आमच्याकडे पेढे घेऊन आली होती. त्यानंतर चार महिन्यांत तिनं जीप धरली.

जेवणानंतर आम्ही अंगणात जाऊन गाडी नीट पाहिली. डाव्या बाजूचा साडीगार्ड गायब. सीटमागचं धरायचं हँडल गायब. दोन्ही आरसे गायब. मागचं मडगार्ड करवतीनं अर्ध्यात कापलेलं. नंबर प्लेट सीटखाली वाकवलेली आणि तिच्या कोपऱ्यात ७८६ चं स्टिकर. हॉर्नच्या जागी तीन सुरांचा भोंगा. सायलेन्सर तेवढा मूळचा होता, तोही पुढच्या महिन्यात बदलायचा बेत होता.

"मामू, मोबाइलवर बघा ना, सगळे अशीच करतात," भाचा म्हणाला.

ही तऱ्हा आली कुठून?

त्यानं दाखवलेले व्हिडिओ आम्ही पाहिले. मडगार्ड छोटं, सीट एकट्याची, आरसे नाहीत, हँडल खाली. ही तऱ्हा नवी नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 'एस कॅफे' नावाचं उपाहारगृह तरुण मोटरसायकलस्वारांचा अड्डा होतं. तिथली मुलं वेगासाठी गाडीवरचं वजन उतरवायची. जे काही काढता येईल ते काढायची. त्या गाड्यांना 'कॅफे रेसर' नाव पडलं आणि आज मोठमोठ्या कंपन्या तसल्या रूपाच्या गाड्या कारखान्यातूनच तयार करून विकतात.

आम्ही भाच्याला एवढंच म्हणालो, "त्या पोरांच्या मागे अम्मी बसायची नव्हती. ते एकटे फिरायचे आणि सपाट रस्त्यावर फिरायचे. तुझा रस्ता जव्हार-मोखाड्याचा आहे. वळणं, उतार, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धुकं. तुझी गाडी तुझ्या रस्त्यासारखी आणि तुझ्या घरासारखी हवी."

हौशीला आमचा विरोध नाही. पहिली गाडी ही माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. आमच्या अब्बांच्या एम-८० ला आम्ही हँडलच्या टोकांना रंगीत गोंडे लावले होते आणि टाकीवर मखमली कव्हर चढवलं होतं. अब्बा हसले होते, रागावले नव्हते. पण गोंडे पाच मिनिटांत निघत. सगळा फरक तिथंच आहे. काही बदल असे असतात की नको वाटले तर संध्याकाळपर्यंत गाडी पहिल्यासारखी होते. काही असे असतात की पैसे ओतले तरी ती पूर्वीसारखी होत नाही. पहिल्या गाडीवर फक्त पहिल्या प्रकारचे बदल करावेत, असं आमचं मत आहे. विशीतल्या मुलाची आवड सहा महिन्यांत बदलते. गाडी मात्र घरात दहा-बारा वर्षं राहते.

एका दुपारचं काम

"काढलेलं सामान कुठे आहे?" आम्ही विचारलं.

इथं भाच्याचं कौतुक करायला हवं. त्यानं ते भंगारात दिलं नव्हतं. साडीगार्ड, हँडल, आरसे, जुना हॉर्न, सगळं घरी माळ्यावर एका गोणीत होतं आणि नट-बोल्ट प्लास्टिकच्या बरणीत. पुढच्या रविवारी आम्ही मोखाड्याला गेलो. गोणी खाली काढली. पाने, थोडं ऑइल आणि जुनी चिंधी घेऊन दोघं अंगणात बसलो.

साडीगार्ड बसवायला पंधरा मिनिटं लागली. मागचं हँडल त्याहून कमी वेळात बसलं. आरसे हातानंच फिरवून बसवले आणि वरून नट आवळले. एवढ्या कामासाठी आपा चार महिने जीपमध्ये दाटीवाटीनं बसली होती.

मडगार्डाचं मात्र तसं झालं नाही. ते कापलेलं होतं. कापलेला तुकडा बरणीत ठेवून काय होणार? नवीन आणावं लागलं. कापणावळ एकदा गेली, नव्या मडगार्डाचे पैसे दुसऱ्यांदा गेले. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना आहे हे मदरशात आपण सगळेच शिकतो. ती फक्त लग्नाच्या मांडवातच होते असं नाही.

काम करता करता भाच्यानं एक गोष्ट सांगितली, जी त्यानं घरात कुणाला सांगितली नव्हती. तीन सुरांचा भोंगा बसवताना एका गॅरेजमध्ये मूळ वायर कापून, पीळ देऊन, वर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. जुलैत त्र्यंबकेश्वरहून परतताना तोरंगण घाटात पाणी आत गेलं. भोंगा वाजवला आणि फ्यूज उडाला. इंजिन बंद, दिवा बंद, मागचा लाल दिवाही बंद. संध्याकाळची वेळ, चार हातांवरचं दिसेना असं धुकं, आणि आरसे नसल्यानं मागून काय येतंय तेही कळेना. एका टेम्पोवाल्यानं अगदी जवळ येऊन ब्रेक मारला. अल्लाहनं वाचवलं.

"मामू, त्या दिवसापासून हौस थोडी उतरलीच होती," तो म्हणाला. "पण परत जोडायला घेतलं तर मित्र हसतील असं वाटायचं."

त्या दुपारी आम्ही भोंगा काढला, मूळ हॉर्न जोडला आणि कापलेली वायर जाणत्या वायरमनकडून डाख देऊन नीट करून घेतली.

करा, पण परत येता येईल असं करा

मग आमच्या भाच्यानं हौस सोडली का? नाही. उलट त्या महिन्यात त्यानं गाडीवर जास्त काम केलं. पण नियम ठरवून: कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, वायर तोडायची नाही, आणि काढलेलं फेकायचं नाही. ज्या घरात नवी गाडी आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी इथं लिहितो.

आधी गाडीत जे बदलण्यासाठीच दिलेलं असतं ते बदला. त्याला पैसे पडत नाहीत. हँडलचा कोन, ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांची जागा, ब्रेक पेडलची उंची, आरशांचा रोख, हे सगळं चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणं जुळवता येतं. बहुतेक साध्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाचांचे टप्पे असतात. टूलकिटमधल्या वाकड्या पान्यानं ते फिरवता येतात. मागे माणूस बसणार असेल तर शॉकअप एक-दोन टप्पे कडक करावा आणि मागच्या चाकात हवा कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी, दोघांसाठीची भरावी. दोन्ही शॉकअप सारख्याच टप्प्यावर हवेत. आपाची कंबर निम्मी यातच बरी झाली.

त्यानंतर नट-बोल्टनं बसणारी आणि तशीच निघणारी वस्तू. पुढच्या आणि मागच्या मडगार्डाला रबरी मडफ्लॅप लावा, आपल्याकडचा लाल चिखल अंगावर येत नाही. लेगगार्ड लावा, उभी गाडी कलंडली तरी पाय आणि इंजिन वाचतं. जाड हँडग्रिप, रेक्झिनचं सीट कव्हर, टाकीवर किल्लीचे ओरखडे पडू नयेत म्हणून टँक पॅड, हे सगळं स्वस्त आहे आणि हवं तेव्हा निघतं. मागे लाल आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी चिकटवा. आपल्या रस्त्यांवर रात्री दिवे नसतात, ती पट्टी लांबून दिसते. मोबाइलसाठी चार्जर हवा असेल तर गाडीच्या कपलरमध्ये बसणारी जोडणी घ्या आणि तिला वेगळा फ्यूज ठेवा.

टायर घासले की बदलायचेच असतात, तेव्हा पावसाळी रस्त्याला धरणाऱ्या नक्षीचे घेता येतात, पण माप तेच हवं. जाड टायर दिसायला छान दिसतो. मूळ रिमवर तो नीट बसत नाही आणि गाडी वळणावर जड होते.

प्रखर पांढरे एलईडी दिवे लावण्याची आता लाट आहे. धुक्यात तो उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोरच्याला काही दिसत नाही. त्यापेक्षा मूळ दिव्याची काच पुसा, रोख खाली करा आणि घाटात लो बीमवर चाला.

रंगाबद्दल सांगायचं तर गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. म्हणून रंग न देता स्टिकर लावावं. आमच्या भाच्याच्या वर्गात एक वारली मित्र आहे, चित्र चांगलं काढतो. आपला हा मुलूखच वारली चित्रांचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या मित्राकडून भाच्यानं टाकीच्या दोन बाजूंसाठी गेरूच्या रंगावर पांढरी चित्रं करून घेतली आणि ती स्टिकरवर छापली. घरात दादीचं म्हणणं पडलं की माणसं-जनावरं नकोत. मग डोंगर, बांबूचं बेट, झोपडी आणि भातखाचरं असं ठरलं. मित्राला त्याचे पैसे रीतसर दिले, दोस्तीच्या नावावर फुकट घेतलं नाही. आज कॉलेजात त्याच गाडीला सगळे ओळखतात. बाजारातून आणलेल्या भोंग्यानं जे झालं नव्हतं, ते या कामानं झालं.

कायदा काय म्हणतो?

हे फक्त आमचं मत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसी बुकातला तपशील आणि निर्मात्यानं दिलेलं मूळ रूप यांच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ प्रत्येक आयाबहिणीला माहीत असावा. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायचं हँडल, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, असं तो सांगतो. कशासाठी, तर कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. ओढणीचं किंवा बुरख्याचं टोक फिरत्या चाकात गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही, कपडा गुंडाळत जातो आणि माणूस खेचला जातो. बसताना बुरख्याच्या कडा मांडीखाली घ्याव्यात, ओढणीची टोकं आत खोचावीत आणि जमत असेल तर एका बाजूला न बसता दोन्हीकडे पाय टाकून बसावं. हेल्मेट मागे बसणारीलाही हवंच. आत पिना आणि गाठी नसलेला पातळ सुती स्कार्फ बांधला की ते नीट बसतं.

अनेक सुरांच्या हॉर्नला नियम ११९ नं बंदी आहे. नंबर प्लेटवर नंबराशिवाय काही लिहायचं नाही, मग तो ७८६ असो की आणखी काही. बरकत हवी असेल तर गाडीवर बसताना सवारीची दुआ म्हणा, ती सूरह जुख्रुफमध्ये आहे आणि घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. ही सवारी आपल्या ताकदीनं आपल्या काबूत आलेली नाही, ही कबुली त्या दुआत आहे. ती कबुली देऊन निघालेला माणूस घाटात गाडी कशीही हाकणार नाही.

सायलेन्सरबद्दल तर आग्रहानं सांगतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारं यंत्र आणि ऑक्सिजन सेन्सर त्याच वाटेवर असतात. सायलेन्सर बदलला की पेट्रोलचं गणित बिघडतं, ॲव्हरेज पडतं, पीयूसीत गाडी नापास होऊ शकते आणि वॉरंटीही धोक्यात येते. अपघात झाला तर विम्याच्या पैशांतही अडचण उभी राहते. आणि शेजारपाजाराचं काय? रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानाचाच एक भाग आहे, अशी शिकवण आपल्याला हदीसमधून मिळते. मग आपणच रस्त्यावर त्रास घेऊन कसं फिरावं? दवाखान्यातला रुग्ण, झोळीतलं बाळ, अभ्यासाला बसलेलं पोर, कुणालाच तो फटाका नको असतो.

शिक्षक म्हणून पालकांना आणखी एक सांगणं आहे. दहावी पास झाला म्हणून गाडी हातात देऊ नका. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९अ प्रमाणं पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

आता भाच्याच्या घरी माळ्यावरची गोणी जवळजवळ रिकामी आहे. पण बरणी आहे. त्यानं कुठला बोल्ट कुठला हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून आत टाकलंय, मराठीत आणि उर्दूतही, कारण दादीला मराठी वाचता येत नाही आणि बरणी तीच सांभाळते. गाडी उद्या विकायची झाली तरी ती मूळ रूपात विकता येईल. तिला गिऱ्हाईक लवकर मिळेल आणि दामही बरा येईल.

गेल्या महिन्यात आपा पुन्हा तपासणीला आली. दारात हॉर्न वाजला, साधा, एका सुराचा. आम्ही बाहेर आलो तर आपा मागच्या सीटवरून उतरत होती, डोक्यावर हेल्मेट, एक हात मागच्या हँडलवर. उतरून तिनं हेल्मेट काढलं, स्कार्फ सारखा केला आणि मुलाकडे वळून म्हणाली, "अजून थोडी हळू चालव. बाकी ठीक आहे."

रक्तदाबही त्या दिवशी बरा निघाला, अल्हम्दुलिल्लाह.